अर्ध्या किमतीतला टीव्ही

"एवढा चांगला टीव्ही अर्ध्या किमतीत काऊन देता जी?"

कमळाबाईंनी विचारलं आणि समोरच्या बाईचा चेहरा न्याहाळला. वच्छलाबाई पदरानं टीव्हीची काच पुसत होत्या. ऊर्जानगरच्या या क्वार्टरांत खिडकी जरा उघडी राहिली की वीज केंद्राची राख येऊन बसते.

"सासऱ्यायले आवडत नाई," त्या म्हणाल्या. "ओएलईडी हाये ना. काळं म्हंजे पक्कं काळं. अंधाराचा सीन आला का त्यायले वाटते, टीव्ही बंदच पडला."

कारण ऐकायला सोपं होतं. कमळाबाईंना पटलं नाही. सहा महिन्यांपूर्वी घेतलेली वस्तू म्हाताऱ्याच्या नजरेपायी कोण विकतं? घरात कर्ज असेल, नाहीतर पोरगा पिणारा असेल.

पोराशीच तर त्यांना मतलब होता. टीव्ही त्यांना नकोच होता. त्यांच्या धाकट्या रंजीताला याच घरच्या अतुलचं स्थळ आलं होतं. मध्यस्थ पोचूभाऊंचं एकच पालुपद, "घर सोन्यावानी हाये." मध्यस्थाला पितळेचं घर कधी दिसलंय? थोरलीच्या वेळी असाच विश्वास ठेवला होता. ती आज दोन लेकरं घेऊन गोंडपिपरीला माहेरी बसली आहे.

पाहण्याच्या कार्यक्रमात सगळेच गोड बोलतात. घर पाहावं ते बेसावध असताना. पण जायचं कोणत्या निमित्तानं? याच विचारात असताना मोबाईलवर कोण्या अनोळखी नंबरावरून टीव्ही विकण्याचा मेसेज आला, आणि खाली पत्ता याच क्वार्टरचा! मार्गशीर्षातला गुरुवार. महालक्ष्मीनंच वाट दाखवली म्हणत त्यांनी पूजा आटोपली आणि बस धरली. दारात नाव विचारलं तेव्हा त्यांनी खोटंच सांगितलं, "सुमन. मूल गावची."

"लावून दाखवा ना," त्या म्हणाल्या.

पडद्यावर रात्रीचं रान उभं राहिलं. अंधार असा, की गावाकडची अमावस्या. त्यात एका चितळाचे डोळे तेवढे चमकत होते. कमळाबाई क्षणभर पाहतच राहिल्या. मग भान आलं आणि नजर कपाटावर, दारामागे, पलंगाखाली फिरली. रिकामी बाटली नाही, तंबाखूची पुडी नाही. कोपऱ्यातल्या खाटेवर म्हातारबुवा झोपले होते. चादर पांढरीशुभ्र होती. पाहुणा येणार म्हणून आजच तर घातली नसेल?

"दिवसा खिडकी उघडी ठेवली तं एवढा नाई दिसत," वच्छलाबाई म्हणाल्या. "स्वस्तातला हाये, उजेड कमी पडते याचा. आन् हे पाहा."

त्यांनी पडदा सगळा करडा केला. खाली एक पुसटशी पट्टी दिसली.

"सासरे दिवसभर बातम्या लावून ठेवतेत. ते खालची पट्टी काचेत छापून गेली. आता जात नाई. घ्याच्या आधीच सांगतलेलं बरं."

विकणारी बाई स्वतःच खोट दाखवते? पुढची मोठी खोट लपवायला आधी लहान दाखवायची, असंही लोक करतात. कमळाबाईंनी खडा टाकला.

"घरात कोणाले काई व्यसन-बिसन? नाई, रागात रिमोट फेकून मारतेत लोक, म्हून विचारलं."

वच्छलाबाई खळखळून हसल्या. "आमच्या घरी रिमोट मीच फेकतो, बाई!"

तेवढ्यात कंपनीची बस थांबल्याचा आवाज आला आणि अतुल आत आला. पाहुणीला नमस्कार करून तो थेट खाटेकडे गेला, आजोबांना टेकवून बसवलं, पाणी पाजलं, हनुवटीवर ओघळलेलं आपल्याच रुमालानं पुसलं. म्हातारबुवा नातवावरच खेकसले, "आज उशीर केला रे!" म्हणजे हे रोजचंच होतं. हे काही पाहुणीला दाखवायला नव्हतं.

कमळाबाईंचा जीव भांड्यात पडला. पट्टी असो नाहीतर उजेड कमी असो, हे घर घेण्यासारखं होतं.

वच्छलाबाईंनी उपवासाचा म्हणून शेंगदाण्याचा लाडू पुढे केला. "टीव्ही लेकरायसाठी घेता का, सुमनबाई? किती लेकरं तुमाले?"

कमळाबाई सावध झाल्या. लग्नाची पोरगी म्हटलं की गाव विचारतील, नाव विचारतील, आणि सगळं सोंग उघडं पडेल.

"एकच पोरगा हाये."

"पोरगी नाई?" वच्छलाबाईंनी लाडूची ताटली तशीच धरून ठेवली. "एखादी तं असनच की."

"नाई जी. देवानं दिलीच नाई."

व्रताच्या दिवशी जीभ विटाळली. संध्याकाळी देवीपुढं नाक घासू, कमळाबाईंनी मनात म्हटलं. पोरीच्या भल्यासाठीच तर बोलले. चार दिवसांनी सोयरीक जमली की हीच गोष्ट सांगून दोघी विहिणी हसू.

"घरी विचारून फोन करतो," म्हणत त्या उठल्या. वच्छलाबाईंनी गुरुवारचं हळदकुंकू लावलं, वाकून नमस्कार केला आणि दारापर्यंत सोडायला आल्या. चप्पल घालताना कमळाबाईंना वाटलं, अशी सासू रंजीताला शोधून मिळायची नाही.

"टीव्ही विकाचा नाई आमाले, कमळाबाई," वच्छलाबाई हळूच म्हणाल्या.

चपलेचा अंगठा तसाच अडकून राहिला.

"पोचूभाऊपासून नंबर घेतला आन् तो मेसेज तुमच्या एकटीच्याच मोबाईलवर धाडला होता. पोरीची माय कशी हाये, पाहाव म्हटलं. पोरगी तं अतुलले फोटोतच पसंत पडली होती." त्यांनी दाराची कडी हातात घेतली. "पण माय म्हणते, मले पोरगीच नाई. मंग मागाव कोणाले?"