खिडकीखालचा पत्रा

लोखंड कधी खोटं बोलत नाही, असं मिस्त्री छातीठोकपणे सांगायचा. खोटं बोलायचं काम तो स्वतःच करायचा, गिऱ्हाइकांशी.

गंज शोधायची त्याची रीत ठरलेली. बोटाच्या पेराने पत्र्यावर दोनदा ठोकायचं, कान द्यायचा, वीतभर पुढे सरकायचं. टणटणीत वाजला तर पत्रा चांगला, बद्द वाजला तर कापायचा.

त्या जुन्या कॅम्पर व्हॅनच्या खिडकीखाली पत्रा बद्द वाजला. मग आतूनही दोनदा वाजला.

"वहिनी, तुम्ही ठोकताय का?"

आत पडद्यांची मापं घेणाऱ्या मालकीणबाई म्हणाल्या, "मी कशाला ठोकू? मला वाटलं, तुम्हीच चारदा ठोकलंत."

मिस्त्रीने पत्रा कापला. आत बोटभर पोकळी आणि मूठभर गंज, बाकी काही नाही. त्याने नवा तुकडा वेल्ड केला, पुट्टी भरली, निळा रंग मारला.

चार दिवसांनी मालक गाडी न्यायला आले. मिस्त्री शेवटचं फडकं मारत होता, तेवढ्यात मागच्या चाकापाशी रिकाम्या गाडीच्या आतून दोन ठोके पडले. मग शांतता. मग वीतभर पुढे पुन्हा दोन. असं कान देत देत ते खिडकीखाली आलं, मिस्त्रीच्या तळव्याखाली नव्या तुकड्यावर दोनदा बद्द वाजलं, आणि तिथेच थांबलं.

"हिची उशी बरोब्बर इथे येते," मालक कौतुकाने म्हणाले. "आजपासून महिनाभर गाडीतच झोपायचंय. काम पक्कं झालंय ना?"

"एकदम टणटणीत," मिस्त्री म्हणाला.

पावतीवर गॅरंटी फक्त बाहेरून लागणाऱ्या गंजाची होती.