धारेवरचा 'तू'

डेटलेफ पेटरसन तिसऱ्यांदा खडकाआड जाऊन आला, ओठ पुसले आणि तोंडात पेपरमिंटची गोळी टाकली. रोझालियाला शिसारी आली. आंबूस वास लपवायला पेपरमिंट. चोरून ढोसतोय मेला, आणि तेही गाइसरुकन डोंगराच्या धारेवर, जिथं शुद्धीतल्या माणसानंही पाऊल जपून टाकावं.

आणि हा म्हणे आपला होऊ घातलेला जावई. लेक बुर्गी बत्तीस वर्षांची, गावच्या पोस्टात तिकिटं विकते. हा तिथलाच कारकून. युद्धानंतर उत्तरेच्या समुद्राकडून आलेला, जिथं शेणाच्या ढिगालाही टेकडी म्हणतात. "आई, एकदा त्याला धारेवर घेऊन जा," बुर्गी म्हणाली होती. "तुझ्या मनाविरुद्ध मी लग्न करणार नाही. खाली तळ्यापाशी आल्यावर तू त्याला काय म्हणतेस, त्यावरून मला कळेल."

कळणार होतंच. इथल्या डोंगरांतली रीतच तशी. चढताना झाडं संपली की जमीनदार असो नाहीतर गुराखी, सगळे एकमेकांना 'तू'. वर कधी कुणाला कुणाचा हात धरावा लागेल सांगता येत नाही, तिथं 'अहो-जाहो' करायला वेळ कुणाला? पण तळ्याच्या काठी उतरलं की पुन्हा 'तुम्ही', पुन्हा 'साहेब'. खाली आल्यावरही ज्याचा 'तू' टिकला, तो घरचा माणूस. याला 'तू' म्हणताना रोझालियाला सकाळपासून जीभ विटाळल्यासारखं होत होतं. तळं कधी येतंय असं झालं होतं तिला.

दारूचं एकवेळ सोडा. त्याची नजर त्याहून वाईट होती. उजवीकडे हिमाचे सुळके उन्हात उभे होते, डावीकडे पार खाली हिरवं तळं. हे पाहायला लोक दोन-दोन दिवस गाडीत अंग आंबवून येतात. आणि हा बाबा? तिनं चारदा वळून पाहिलं. चारही वेळा त्याचे डोळे तिच्या झग्याच्या काठाखाली. साठीच्या बाईच्या पिंढऱ्यांवर. होणाऱ्या सासूच्या.

"वर बघ की जरा," ती खेकसली. "डोंगर काय माझ्या पायांत आहेत?"

"सुंदर आहे," तो म्हणाला. मान वर केलीच नाही. "तू थांबू नकोस, रोझालिया. चालत राहा."

"तू हो पुढे."

"नको, नको. तूच पुढे."

नकोच असणार. पुढे गेला तर बघणार काय? तिचा नवरा जन्मभर तिच्या वीस पावलं पुढे चालला, मागे वळून पाहणं त्याला ठाऊकच नव्हतं. मरून नऊ वर्षं झाली त्याला. आज पहिल्यांदाच तिला त्या गोष्टीचं कौतुक वाटलं.

माथ्यावरच्या क्रूसापाशी रीतीप्रमाणे हात मिळवावा लागला. त्याचा हात ताज्या मासळीसारखा गार आणि ओला. तिनं तो आपल्या झग्याला पुसला, त्याच्या देखत पुसला. मग ती पाव नि खारवलेलं डुकराचं मांस काढून बसली. तो क्रूसाला पाठ टेकून, दगड बघत बसला. खाल्लं काहीच नाही. त्याच्या बाहीवर काहीतरी पिवळट वाळलेलं होतं. ते दिसलं आणि तिचाही घास तोंडात फिरायला लागला. शेवटी तिनं तो कावळ्यांना टाकला.

उतार संपून तळ्याकाठची सपाट वाट लागली तसा गडी एकदम ताठ झाला. शीळ घालायला लागला. मागे वळून धारेकडे पाहत म्हणाला, "किती देखणी आहे हो ही." खाली आल्याबरोबर 'हो' लावायला मात्र विसरला नाही. रोझालियानं आपलं वाक्य वाटेतच घोटून ठेवलं होतं: 'पेटरसनसाहेब, तुम्ही आता निघा.' बुर्गीला तेवढ्यानं कळलं असतं.

बुर्गी नावाड्याच्या बाकावर बसली होती, मांडीवर फडक्यात गुंडाळलेलं सूपचं भांडं. ती उठली नाही. एकदा आईकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि ओठ आवळले.

रोझालियानं तोंड उघडलं. तेवढ्यात डेटलेफ तिच्या पायांशी गुडघ्यावर बसला.

"जरा उजवा पाय उचलता का? बुटाच्या टाचेतला बाहेरच्या रांगेतला चौथा खिळा सुटत आलाय. वरच सांगणार होतो. पण मग तुम्ही तिथंच वाकून बघत बसला असतात, त्या कडेला. म्हणून म्हटलं, चालत राहा."

तिनं पाय उचलला. खिळा बोटानं हलत होता.

"तुम्ही माझ्या टाचा बघत होतात?"

"सत्तावीस खिळे आहेत या बुटाला. मोजत होतो." तो उठला, पण मान खालीच ठेवली. "नजर जरा इकडेतिकडे गेली की खालची दरी दिसायची, आणि पोटातलं सगळं वर यायचं. तीनदा आलं. तुम्हाला दिसू नये म्हणून खडकाआड गेलो."

"आई, हा पोस्टातल्या शिडीवरसुद्धा चढत नाही," बुर्गी म्हणाली. "मी म्हटलं होतं, नको जाऊस. आईला मी सांगते. तर म्हणाला, मग त्यांनी मला कशावरून हो म्हणायचं?"

रोझालियानं पाय खाली टेकवला. मग तिनं बुर्गीच्या मांडीवरचं भांडं उचललं, झाकण काढलं आणि त्याच्या हातात कोंबलं.

"शी," ती नाक दाबून म्हणाली, "काय घाण वास मारतोय तुझ्या तोंडाला. आधी तू हे पी."