तरंगणारा थेंब

बाणेरच्या आयटी कंपनीचे चार मजले पुसताना कौशल्याला धाप लागायची आणि ती जिन्यातच टेकायची. “मावशी, चहा पाठवू का?” सुपरवायझर सगळ्यांदेखत टोमणा मारायचा. कंपनीत रक्तदान शिबिर भरलं, तेव्हा तीही रांगेत उभी राहिली. डॉक्टरबाईंनी बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब निळ्या पाण्यात सोडला. इतरांचे थेंब बुडाले होते. तिचा तरंगत राहिला. त्यांनी पापणी ओढून पाहिली. “मावशी, तुमचं रक्त घेता येणार नाही. तांबड्या पेशी कमी आहेत, म्हणून थेंब हलका होऊन तरंगला. अंगाला प्राणवायू त्याच पोचवतात, म्हणून तुम्हाला धाप लागते.” मागून सुपरवायझर हसला. “म्हणजे रक्त द्यायचाही कंटाळाच!” कौशल्याची कानशिलं तापली. वर्षभर ती स्वतःलाच आळशी समजत होती. “डॉक्टरबाई, मला सांगितलंत ते या साहेबांना सांगा. मोठ्यानं सांगा, सगळ्या रांगेला ऐकू जाऊ दे.” डॉक्टरबाई उभ्या राहिल्या.