शर्वरीचा गुरुवार

दर गुरुवारी शर्वरी मोरेश्वरशेजारी बसायची आणि तिच्या रक्तातलं प्रथिन मनगटपट्ट्यांतून त्याच्या रक्तात उतरायचं. त्याच्या यकृताला ते रक्तात सोडता येत नव्हतं. दोष घराण्यातलाच होता. प्रथिनावाचून त्याची फुप्फुसं झिजत होती. बायको हेमलताही तपासणी करून आली, पण तिचं प्रथिन जुळलं नाही.

दोघांचं हसणं ऐकून स्वयंपाकघरात हेमलताचा जळफळाट होई. शेवटी तिने शर्वरीला परस्पर कळवलं, "आम्ही गावाला चाललोय, येऊ नका." नवऱ्याला सांगितलं, "त्या आजारी आहेत."

तिसऱ्या आठवड्यात मोरेश्वर भाजीची पिशवी घेऊन जिन्यातच धापा टाकत बसला. हेमलताने फोन लावला. "मी खोटं बोलले. लगेच या."

शर्वरी आली आणि पट्टे बांधून त्याच्या शेजारी बसली. हेमलता नवऱ्याचा दुसरा हात धरून, तिच्याकडे न बघता बसून राहिली.