मानाचं कडं

हैबतराव पाटलांना माळ्यावर आजोबांच्या वेळचं पितळी कडं सापडलं. बाहेरून बोटभर खिळे, आतून गुळगुळीत. पोळ्याला बैलाच्या गळ्यात घालायचं, तर पुरेना. त्यांनी मेंढरं राखणाऱ्या धुळाजीला विचारलं, "कुठल्या जनावराचं रं हे?"

धुळाजीनं बघताक्षणी ओळखलं. म्हणाला, "जनावराचं? न्हाई पाटील. मानकऱ्यानं सोता घालून मिरवायचं हाय ते."

पोळ्याच्या मिरवणुकीत पाटील गळ्यात कडं घालून ऐटीत बैलापुढं चालले. धनगरवाड्यापाशी खसखस पिकली. बिबट्यानं नरडं धरू नये म्हणून असली कडी धनगर पिढ्यान्‌पिढ्या कुत्र्यांना घालत होते.

गेल्या साली ह्याच पाटलानं विषाची भाकर टाकून धुळाजीचा ढाण्या कुत्रा मारला होता.

धुळाजी पुढं झाला. भाकरीचा तुकडा त्यानं पाटलाच्या पायाशी टाकला.

"यू यू... खा. ह्यात इख न्हाई."