पंतप्रधानांची त्रेसष्ट लेकरं

"या गावात माझ्या पेटीत काळ्या बाजूला गोळी टाकणारा अजून जन्माला यायचाय," पंतप्रधान अरिस्तोमेनिस कालिगेरिस खेचरावरून उतरत म्हणाले. "आणि जन्मलाच, तर त्याला तेल लावून पाण्यात बुडवणारा मीच असणार. काय पोलिक्रोनिस?"

"हो साहेब," चिटणीस पोलिक्रोनिस म्हणाला. बावीस वर्षं तो हेच म्हणत आला होता.

बढाई खोटी नव्हती. पेट्रोव्रिसीत घरं त्रेसष्ट, आणि प्रत्येक घरातल्या एका तरी पोराला बाप्तिस्म्यात तेल लावून पाण्यात बुडवणारे धर्मबाप साहेब. मतदानाला प्रत्येक उमेदवाराची एक पत्र्याची पेटी असायची, अर्धी पांढरी होकाराची, अर्धी काळी नकाराची. नळीत हात घालायचा आणि शिशाची गोळी हव्या त्या बाजूला सोडायची. हात कुठे वळला ते कुणाला दिसत नाही. पण स्वतःच्या लेकराच्या धर्मबापाला काळं कोण फासणार? या त्रेसष्ट घरांच्या जोरावर साहेब तीनदा पंतप्रधान झाले होते. डोंगरात रस्ता आणला, शाळा आणली, आणि तीन वेळच्या कारकिर्दीत कुणाचं फुकटचं कोंबडंसुद्धा घेतलं नाही. हे विरोधकही कबूल करत, फक्त हळू आवाजात.

मतदान रविवारवर आलेलं. चौकात चिनाराखाली बोकड भाजत होता. पण आज कुणी पेला पुढे केला नाही. विधवा थेओदोरा कमरेवर हात ठेवून वाटेतच उभी होती.

"या कुंबारे," ती म्हणाली. पोराच्या धर्मबापाला इथे असंच म्हणतात. "जेवण मागनं. आधी माझ्या गारुफालियाचं लग्न लावून द्या."

"आनंदाने, वहिनी! मुलगा कोण?"

"स्ताथिस. वरच्या आळीचा."

"अरे वा! तो तर माझाच पोरगा!"

"तेच तर मेलं दुखणं आहे."

धर्मगुरू पापा-ग्रिगोरिस दाढी कुरवाळत पुढे आले. "साहेब, स्ताथिस तुमचा, गारुफालियाही तुमची. एका धर्मबापाची लेकरं म्हणजे सख्खी भावंडं. त्यांच्या डोक्यावर लग्नाचे मुकुट मी चढवू कसे?"

"पापा, या गावात आता गाढवाशीच लग्न लावा," बेकरीवाला ओरडला.

"आधी गाढवाचा बाप्तिस्मा कुणी केलाय ते बघा!" मागून कुणीतरी म्हणालं.

सगळे हसले. साहेबही हसले. मग त्यांना झऱ्याजवळ दोरीने बांधलेली ट्रंक दिसली. मंगळवारी पात्रास बंदरातून अमेरिकेची बोट सुटणार होती. गावात लग्न जुळेना म्हणून सात पोरं आधीच गेली होती, स्ताथिस आठवा. गारुफालिया त्याच्या ट्रंकेवर बसली होती, आणि सकाळपासून उठायला तयार नव्हती.

"मी बिशपना लिहितो," साहेब म्हणाले.

"लिहून झालं," पापा म्हणाले. "ते म्हणतात, बाप्तिस्म्याचं तेल सुकत नाही."

पोलिक्रोनिसने बोलायला तोंड उघडलं. मग खोकला आल्यासारखं केलं आणि मिटलं.

साहेबांनी टोपी काढली.

"पापा, त्या पोरीचा बाप्तिस्मा मी केलेलाच नाही."

बोकड फिरवणाऱ्याचा हात थांबला.

"त्या दिवशी मला ताप होता. माझा कोट, माझी टोपी घालून हा पोलिक्रोनिस उभा राहिला. गारुफालिया याची धर्मकन्या. बाप्तिस्म्याच्या वहीत तशी दुरुस्ती करा आणि मुकुट चढवा."

पोलिक्रोनिस बघतच राहिला. ताप कसला नि काय! एवढीशी गारुफालिया साहेबांच्या कडक इस्त्रीच्या शर्टावर मुतली होती, आणि त्याच शर्टात साहेबांनी तासभर भाषण ठोकलं होतं. साहेबांच्या निवडणुकीतल्या थापा त्याने बावीस वर्षं ऐकल्या होत्या. मतं घालवणारी ही पहिलीच.

"म्हणजे माझा थोरला?" बेकरीवाला उठला.

"आणि माझी जुळी?"

"पंतप्रधान म्हणून आम्ही कारकुनाच्या हातात पोर दिलं होय?"

एका म्हातारीने पोलिक्रोनिसची हनुवटी धरून मिशा उजेडात फिरवून पाहिल्या. "हाच होता गं बाई," ती म्हणाली. तिकडे बोकड एका बाजूने जळून कोळसा झाला.

गारुफालिया ट्रंकेवरून उठली. तिने साहेबांच्या हाताचं चुंबन घेतलं, आणि कुणीतरी कोपराने डिवचल्यावर पोलिक्रोनिसच्याही.

"साहेब, रविवारी आपण पडणार," खेचराचा लगाम धरत पोलिक्रोनिस पुटपुटला.

"मग पडू. मी तीनदा पंतप्रधान झालोय. तिचं लग्न एकदाच व्हायचंय."

रविवारी पेट्रोव्रिसीच्या पेटीत काळ्या बाजूला एकशे एकेचाळीस गोळ्या निघाल्या, पांढऱ्या बाजूला दोन. एक स्ताथिसची, एक पापांची, असं गाव म्हणतं. गुरुवारी सरकार पडलं. पुढच्या रविवारी माजी पंतप्रधानांनी लग्नात सगळ्यात मोठ्या आवाजात गाणं म्हटलं.

पोलिक्रोनिस देवळात मागच्या खांबाला टेकून उभा होता. स्ताथिसच्या बाप्तिस्म्याचा दिवस त्याला आठवत होता. नोकरीचा पहिलाच महिना, गावात त्याचा चेहराही कुणाला माहीत नव्हता. जेवणात लोकांनी साहेबांना इतकी दारू पाजली की ते कोठारात घोरत पडले, ते थेट संध्याकाळी उठले. त्यांचा कोट, त्यांची टोपी घालून बाप्तिस्म्याला पोलिक्रोनिसच उभा राहिला, आणि पापांसकट सगळं गाव प्यालेलं असल्याने कुणाच्या लक्षात आलं नाही. "पोरगं रडलं का रे फार?" त्यांनी विचारलं होतं. "रडलं साहेब," पोलिक्रोनिस म्हणाला होता, साहेबांचा ओला कोट दोरीवर वाळत घालता घालता.

आता वहीप्रमाणे गारुफालिया पोलिक्रोनिसची धर्मकन्या होती, आणि स्ताथिस खरोखरीचा त्याचा धर्मपुत्र.