बर्फाचा डबा

शुक्री अंगणातल्या बर्फाच्या डब्यावर जाऊन बसली, आणि निघायच्या तयारीतली जीप अडली.

"मावशी, उठा. त्यात सगळ्या पाड्याचं रक्त आहे," डॉक्टर शैलेश म्हणाला. तो मुंबईहून मलेरियाच्या जंतूंच्या जाती शोधायला आला होता. सायवनपलीकडचा हा पाडा म्हणजे त्याच्या कामाला सोन्याची खाण. पंच्याण्णव सालचा पाऊस ओसरल्यावर इथले डास जीपच्या टायरलाही सोंड लावून बघत, आणि दोनदा तर पंक्चर काढावं लागलं होतं.

"ठावं हाय मला. माझ्या जानीचंपण हाय त्यात."

शुक्रीची लेक जानी झोपडीच्या दारात गोधडीत कुडकुडत होती. मघाशीच शैलेशने तिच्या बोटाला सुई टोचून थोडं रक्त डब्यातल्या नळीत घेतलं होतं आणि एक थेंब नव्या कागदी पट्टीला लावला होता. एरवी काचेवरचं रक्त तपासायला डहाणूला जायचं, निकाल यायला पंधरवडा लागायचा. ही पट्टी चहा उकळेपर्यंत सांगायची. पट्टीवर दुसरी रेघ उमटली तसा तो ओरडला होता, "आली! फाल्सिपेरम! काय सुरेख आलीय!"

त्याचा आनंद बघून शुक्रीही हसली होती. "म्हंजे बरी हाय पोर?"

"नाही हो. वाईटातला मलेरिया आहे. डोक्यात जातो."

"मंग औषध दे."

"ते आमच्याकडे नसतं. आम्ही फक्त तपासतो. गुरुवारी सरकारी माणूस येईल."

त्यावर शुक्री उठून डब्यावर जाऊन बसली होती.

"अहो, झाकण दबतंय! बर्फ वितळला, डबा तापला, तर सगळं वाया जाईल!"

"पोर तापली त बेस्तरवारपर्यंत चालंल. डबा तापला त नाय चालत?"

ड्रायव्हर शांतारामने हसू लपवायला बॉनेट उघडून आत डोकं घातलं.

शैलेशचा आवाज चढला. "मावशी, गोळ्या नाहीत माझ्याकडे! शपथ घेऊन सांगतो!"

"सकाळी माझ्या दारात बसून चहासंगं काय गिळलास?"

शैलेशचा हात आपोआप शर्टाच्या खिशावर गेला.

"ती... ती आमची असते. आम्हाला मलेरिया होऊ नये म्हणून."

"तुला ताप हाय?"

"नाही."

"मंग?"

बॉनेटमधलं हसू थांबलं. शांताराम बाहेर आला, जीपच्या खणातून आपल्या गोळ्या काढल्या आणि शैलेशच्या हातात दिल्या. शैलेशने खिशातल्या त्यात मिळवल्या. तीन दिवसांच्या पुड्या वेगळ्या बांधल्या. आजची गोळी मोडून जानीला पेजेबरोबर दिली. पोरीने कडू तोंड केलं, पण गिळली.

"झालं? आता उठा."

शुक्री उठली नाही. "भगत कोंबडं घेतो, त ताप उतरंस्तोवर दारातून हलत नाय. तू त रगत घेतलंस."

"मी भगत नाहीये!"

"नाय ना. भगत आधी कपाळाला हात लावतो."

शैलेशने बुटाने एक दगड उडवला. मग दारात जानीजवळ जाऊन बसला.

डब्याखालून पाण्याची धार निघाली. तो बर्फ उन्हाने नव्हे, शुक्रीच्या रागाने वितळला, असं शांताराम अजून बोर्डीत शपथेवर सांगतो. धार अंगणातून उताराने शैलेशच्या बुटापर्यंत आली. त्याने पाय हलवला नाही. त्याचा हात जानीच्या कपाळावर होता.

"अजून तापलेलीच आहे," तो म्हणाला.

"मंग बस," शुक्री म्हणाली आणि तिने डब्यावर नीट मांडी घातली.